मॅशचा शेवटचा भाग आणि हिंदनगरचे तंबू

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. विषय आहे एका अमेरिकन टीव्ही मालिकेचा शेवटचा भाग. पण तो फिरत फिरत आपल्या कोल्हापूरकडच्या वडगावपर्यंत येणार आहे, तेव्हा अर्ध्यात सोडू नका.

आधी लिहायचं कारण सांगतो. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तानमधली लढाई १० तारखेला थांबली आणि पुढच्या चोवीस तासांत आपल्या फोनवर जे काही वाहत आलं ते तुम्हीही पाहिलंय. ज्या परराष्ट्र सचिवांनी गोळीबार थांबल्याचं देशाला सांगितलं, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना लोकांनी इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की त्यांना आपलं एक्सवरचं खातं बंदिस्त करावं लागलं. लढाई थांबल्याचा राग! आमच्याच एका ग्रुपवर, ज्यात सगळे पन्नाशी ओलांडलेले लोक आहेत आणि ज्यांच्यातल्या एकाच्याही घरातलं कुणी सीमेवर नाही, तिथे लोक 'मजा गेली' असं लिहीत होते. क्रिकेटची मॅच पावसामुळे रद्द झाल्यासारखं.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला लोरेटा स्विट ही अमेरिकन अभिनेत्री वारली. आपल्याकडे ती कुणाला फारशी माहीत असायचं कारण नाही. 'मॅश' नावाच्या मालिकेत तिने मेजर मार्गारेट हूलिहान या मुख्य परिचारिकेचं काम केलं होतं. दोन बातम्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या जोडल्या गेल्या, कारण लढाई थांबते तेव्हा माणसांचं काय होतं हे त्या मालिकेच्या शेवटच्या भागाइतकं थेट मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. मी ती फार उशिरा पाहिली, मुलाच्या लॅपटॉपवर, रात्री दोन-दोन भाग करत.

तर मॅश. मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल याची आद्याक्षरं. आघाडीच्या मागे थोड्या अंतरावर तंबूंमध्ये थाटलेलं, आघाडी हलली की गाशा गुंडाळून तिच्याबरोबर हलणारं शस्त्रक्रियेचं रुग्णालय. कोरियन युद्धात (जून १९५० ते जुलै १९५३) या रुग्णालयांनी खरंच मोठं काम केलं. छोट्या हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून जखमी आणायचे, तासाभरात टेबलावर घ्यायचे. मॅशपर्यंत जिवंत पोहोचलेल्या गंभीर जखमीची जगण्याची शक्यता ९७ टक्क्यांच्या वर होती, असं अमेरिकन सैन्याची नोंद सांगते. अशाच एका मॅशमध्ये काम केलेल्या सर्जनने रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ मध्ये कादंबरी लिहिली, १९७० मध्ये रॉबर्ट ऑल्टमनने सिनेमा काढला आणि सप्टेंबर १९७२ मध्ये सीबीएस वाहिनीवर मालिका सुरू झाली. (जाता जाता: अमेरिकन सैन्याचं शेवटचं मॅश २००५ च्या भूकंपानंतर मुझफ्फराबादला आलं आणि २००६ मध्ये ते पाकिस्तानला देऊन टाकण्यात आलं. इतिहासाचे धागे कुठून कुठे जातात बघा.)

युद्ध चाललं तीन वर्षं आणि एक महिना. मालिका चालली अकरा वर्षं. लोक यावरून चेष्टा करायचे. पण माझ्या मते मालिकेची ताकद याच लांबीत आहे. अकरा वर्षांत लिहिणारे बदलले, नट वयाने वाढले आणि पात्रांनाही वाढावं लागलं.

सुरुवातीची मॅश आज पाहिली तर खरं सांगतो, थोडी लाज वाटते. हॉकआय पीअर्स हा मुख्य डॉक्टर म्हणजे दारू गाळणारा, परिचारिकांच्या मागे लागणारा, अधिकाऱ्यांची टर उडवणारा पोरगेला हुशार माणूस. मार्गारेट म्हणजे चेष्टेचं साधन. तिला एक अश्लील टोपणनाव आहे आणि सगळे तिला त्याच नावाने हाका मारतात. फ्रँक बर्न्स हा भित्रा, ढोंगी, नालायक सर्जन. मागून रेकॉर्ड केलेलं हसू वाजतंय. ते हसू वाहिनीच्या आग्रहामुळे घातलं होतं. निर्मात्यांनी एकच अट मान्य करून घेतली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हसू वाजणार नाही. त्यामुळे मालिकेत दोन जगं तयार झाली. तंबूत हसू, टेबलाजवळ शांतता. हळूहळू ती शांतता तंबूतही शिरत गेली.

पहिला धक्का मार्च १९७५ चा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कर्नल हेन्री ब्लेक हा सगळ्यांचा लाडका, गोंधळलेला प्रमुख घरी जायला निघतो. निरोप, हसणं, रडणं, सगळं होतं. मग शेवटच्या मिनिटाला शस्त्रक्रियेच्या तंबूत बातमी येते की त्याचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. हे पान चित्रीकरण होईपर्यंत बहुतेक नटांनाही दाखवलं नव्हतं. प्रेक्षक चिडले, पत्रांचा पाऊस पडला. विनोदी मालिकेत माणूस मारतात का? पण लढाईत घरी निघालेले लोक मरतात, आणि सायगाव पडायला तेव्हा दीड महिना उरला होता. कोरियाचं नाव घेऊन मालिका व्हिएतनामबद्दल बोलत होती, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

यानंतर पात्रं खोल होत गेली. मार्गारेटचं बघा. १९७६ च्या एका भागात ती आपल्या हाताखालच्या परिचारिकांवर ओरडते आणि ओरडता ओरडता तिच्या तोंडून निघून जातं की तुमच्यापैकी एकीनेही मला कधी एक कप कॉफी विचारली नाही. एवढंच. पण त्या एका तक्रारीनंतर तिला कुणी जुन्या टोपणनावाने हाक मारली तर प्रेक्षकालाच खटकायला लागलं. लोरेटा स्विटने त्यासाठी लेखकांशी भांडण काढलं होतं असं तिनेच पुढे अनेकदा सांगितलं. फ्रँक बर्न्स गेला आणि त्याच्या जागी १९७७ मध्ये मेजर चार्ल्स विंचेस्टर आला: बॉस्टनचा श्रीमंत, गर्विष्ठ, पण कामात कुणाला न हटणारा सर्जन. आता हॉकआयला टर उडवायला मूर्ख उरला नाही. समोर बरोबरीचा माणूस आला, ज्याला एकटं बसून मोझार्ट ऐकायला आवडतं. क्लिंगर हा ओहायोतल्या टोलीडोचा शिपाई पहिली काही वर्षं बायकांचे कपडे घालून फिरतो, वेडा ठरवून घरी पाठवतील या आशेने. पुढे तोच कपडे टाकून देऊन ऑफिसचा सगळा कारभार अंगावर घेतो.

आणि मग २८ फेब्रुवारी १९८३. अडीच तासांचा शेवटचा भाग, दिग्दर्शक स्वतः हॉकआय म्हणजे ॲलन आल्डा. त्या रात्री सुमारे १० कोटी ६० लाख अमेरिकनांनी तो पाहिला. तीस सेकंदांच्या जाहिरातीचा भाव साडेचार लाख डॉलरपर्यंत गेला होता. काल्पनिक कथा सांगणाऱ्या कुठल्याच एका भागाला अमेरिकेत आजवर तेवढा प्रेक्षक मिळालेला नाही.

भाग उघडतो तेव्हा हॉकआय सोलच्या मनोरुग्णालयात आहे. अकरा वर्षं सगळ्यांना हसवणारा माणूस. मानसोपचारतज्ज्ञ सिडनी त्याला बोलतं करतोय. हॉकआय सांगतो, ४ जुलैला आम्ही समुद्रावर सहलीला गेलो होतो, परतताना बसमध्ये वाटेत निर्वासित आणि जखमी घेतले, दारूची बाटली फिरत होती. सिडनी खोदत राहतो. बाटली दारूची नव्हती, जखमी जवानासाठी प्लाझ्माची होती. शत्रूची गस्त जवळ आहे म्हणून बस झाडीत लपवलेली. मागच्या बाकावर एका कोरियन बाईच्या मांडीवरची कोंबडी ओरडत होती. हॉकआय तिच्यावर खेकसला, ती कोंबडी गप्प कर. तिने गप्प केली. कायमची.

मग कळतं की ती कोंबडी नव्हती. तिचं तान्हं मूल होतं.

मी हा प्रसंग तीनदा पाहिलाय. तिन्ही वेळा मला हे जाणवलं की लेखकांनी इथे नवं काहीच आणलेलं नाही. अकरा वर्षं हॉकआय हेच करत आला: रक्ताची बाटली दारूची करायची, भयंकर गोष्टीचा विनोद करायचा आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. त्याचा विनोद आपल्याला गोड वाटत होता. शेवटच्या भागात तोच विनोद आजार म्हणून समोर येतो. मन इतकं सरावलंय की मुलाची कोंबडी करतं.

बाकीच्यांचंही असंच होतं. प्रत्येकाकडे लढाई सहन करण्यासाठी एक आडोसा होता आणि शेवटचा भाग एकेकाचा आडोसा काढून घेतो. विंचेस्टरला पाच चिनी सैनिक शरण येतात. ते वादक निघतात. नाइलाजाने सुरू झालेलं त्यांचं शिकणं हळूहळू त्याचा जीव की प्राण होतं. मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट तो त्यांच्याकडून त्यांच्या वाद्यांवर घटवून घेतो. मग हुकूम येतो, कैद्यांच्या अदलाबदलीसाठी यांना पाठवा. ट्रक निघतो, त्यावर वाटेत हल्ला होतो, एक जण मरणासन्न अवस्थेत परत येतो. विंचेस्टर आपल्या तंबूत जातो, तीच रेकॉर्ड लावतो आणि फोडून टाकतो. पुढे जेवणाच्या वेळी तो सांगतो की संगीत माझा लढाईपासूनचा आसरा होता, आता ते मला लढाईचीच आठवण देत राहील. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढं छोटं वाक्य. तो घरी जाऊन बॉस्टनच्या रुग्णालयात मोठ्या हुद्द्यावर बसणार आहे. सगळं मिळालं, ते सोडून.

फादर मल्काही, छावणीचा धर्मगुरू, मारा सुरू असताना कोंडलेल्या युद्धकैद्यांना मोकळं करायला धावतो. ते वाचतात, त्याची श्रवणशक्ती जाते. लोकांचं ऐकून घेणं हेच ज्याचं काम, त्याची! घरी जायचं म्हणून साडी-चोळी नेसायची तयारी असलेला (हा आपला तर्जुमा हं) क्लिंगर शेवटी एकटाच कोरियात राहतो, कारण त्याने लग्न केलेली सून-ली आपले हरवलेले आईबाप शोधल्याशिवाय देश सोडायला तयार नाही. आणि बी. जे. हनिकट, हॉकआयचा मित्र, ज्याच्या तोंडून निरोपाचा शब्द निघत नाही, कारण निरोप म्हटला की हे सगळं खरंच घडलं असं कबूल करावं लागतं, तो शेवटी हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर दगड मांडून ठेवतो. वरून उडताना हॉकआयला ती अक्षरं दिसतात: गुडबाय. तिथेच मालिका संपते.

युद्ध थांबल्याची बातमी येते तेव्हाचं दृश्य सांगायचं राहिलं. बातमी येते, जल्लोष होतो आणि हे लोक लगेच शस्त्रक्रियेला जातात, कारण रात्री दहापर्यंत गोळीबार चालू राहणार असतो. यात अतिशयोक्ती काही नाही. २७ जुलै १९५३ ला सकाळी दहाला पानमुन्जोमला सह्या झाल्या, अंमल रात्री दहाला. मधले बारा तास माणसं मरतच होती. रेडिओवर निवेदक लढाईचा हिशेब वाचतो, किती मेले, किती जखमी, किती खर्च, आणि खाली हात चालू आहेत.

इथवर मालिकेचं कौतुक झालं. आता जे मला टोचतं ते.

बसमधली ती बाई कोण? तिचं नाव काय? मालिकेला माहीत नाही. तिचं मूल गेलं आणि आपण अडीच तास हॉकआयची काळजी करतो. तो बरा होऊन मेन राज्यातल्या आपल्या गावी जाईल, पेशंटशी दोन शब्द बोलायला वेळ मिळेल असा गावचा डॉक्टर होईल. ती बस थांबल्यावर कुठे उतरली? अकरा वर्षं कोरियात घडणाऱ्या मालिकेत वर्षानुवर्षं टिकलेलं, बदलत गेलेलं, प्रेक्षकाला नावानिशी आठवेल असं एकही कोरियन पात्र नाही. सून-ली आहे, ती अगदी शेवटी येते, आणि तिचं काम करणारी अभिनेत्री चिनी वंशाची अमेरिकन. अमेरिकेचे सुमारे ३६ हजार लोक त्या युद्धात गेले. कोरियन नागरिक किती गेले याचे अंदाज वीस लाखांच्या आसपास जातात. पात्रांचा विकास कुणाच्या वाट्याला येतो आणि पार्श्वभूमीला कोण राहतं, हे शेवटी कथा कोण लिहितो यावर ठरतं. मॅशसारख्या भल्या मनाच्या मालिकेतही.

दुसरी गोष्ट कैद्यांची. विंचेस्टरच्या वादकांना अदलाबदलीसाठी नेतात आणि ते मरतात, मालिकेपुरता प्रश्न संपतो. (काटेकोर बोलायचं तर इथे इतिहासाची थोडी ओढाताण आहे. सह्यांच्या आधी फक्त आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली, एप्रिल-मे १९५३ मध्ये. धडधाकट वादकांना नेण्याचं कारण नव्हतं.) पण प्रत्यक्षात याच कैद्यांच्या प्रश्नावर ते युद्ध लांबलं. वाटाघाटी सुरू झाल्या जुलै १९५१ मध्ये. रेषा कुठे आखायची ते काही महिन्यांत जवळजवळ ठरलं होतं. अडलं ते कैद्यांवर. चीन आणि उत्तर कोरिया म्हणाले, आमचे सगळे कैदी परत द्या. अमेरिका म्हणाली, ज्याला जायचं नाही त्याला जबरदस्तीने धाडणार नाही. ऐकायला अमेरिकेची बाजू माणुसकीची वाटते. पण त्यांच्याच छावण्यांत कम्युनिस्टविरोधी टोळ्या कैद्यांच्या अंगावर जबरदस्तीने घोषणा गोंदवत होत्या, परत जायचं म्हणणाऱ्याला मारत होत्या. मग खरी इच्छा कुणाची कशी ओळखायची? या एका प्रश्नावर सव्वा वर्षाहून अधिक काळ माणसं मरत राहिली.

तोडगा निघाला त्यात आपला मोठा हात होता. डिसेंबर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने मांडलेला ठराव मंजूर झाला. कृष्ण मेनन यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. पुढे जून १९५३ च्या करारात ठरलं की परत जायला नकार देणारे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे द्यायचे. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत. आयोगाचे प्रमुख जनरल थिमय्या. आणि कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा घेणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

आलो वडगावात. शंकरराव थोरात १९०६ सालचे, आपल्या कोल्हापूर भागातले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर कांगॉच्या लढाईत डीएसओ मिळवलेला लढवय्या माणूस. पण मला त्यांची कोरियातली कामगिरी त्याहून मोठी वाटते, कारण तिथे बंदुका असूनही शक्यतो चालवायच्या नव्हत्या.

सुरुवातच कठीण. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारत नको होता. करार होऊ नये म्हणून त्यांनी १८ जूनला सुमारे २७ हजार कैदी छावण्यांतून परस्पर सोडून दिलेच होते. भारतीय सैनिकाचा पाय माझ्या भूमीवर पडू देणार नाही म्हणाले. म्हणून आपली फौज इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावी लागली. तिथे तंबूंचं गाव वसलं, नाव पडलं हिंदनगर. मालिकेतले तंबू उठले, तेव्हा खऱ्या इतिहासात हे तंबू उभे राहत होते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठी अदलाबदल झाली. ७५ हजारांहून जास्त कैदी उत्तरेकडे गेले, १२ हजारांहून जास्त दक्षिणेकडे आले. उरले ते न जाणारे: २२,६०४ एका बाजूचे आणि ३५९ दुसऱ्या बाजूचे. हे सगळे थोरातांच्या ताब्यात. ९० दिवस दोन्ही बाजूंच्या लोकांनी येऊन त्यांना समजवायचं, मग ज्याने त्याने ठरवायचं. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात छावण्यांत टोळ्यांचं राज्य होतं, पुढारी सांगतील त्याशिवाय कुणी तंबूबाहेर येत नव्हता, समजवायला आलेल्यांवर खुर्च्या फेकल्या जात होत्या. पळून येऊन 'मला घरी पाठवा' म्हणणाऱ्याला आपल्या जवानांनी वाचवायचं आणि त्याबद्दल उरलेल्यांचा राग झेलायचा.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणात ओढून ओलीस धरलं. बाहेर मशिनगनवाले तयार होते. थोरात थोड्या लोकांना घेऊन, हत्याराशिवाय आत गेले. घरी आलेल्या पाहुण्याला तुम्ही साधा चहाही विचारत नाही का, असं म्हणून त्यांनी ताण सैल केला अशी ती हकिकत सांगतात. चहा आला, बोलणी झाली, मेजर सुटला. आपल्या गावाकडच्या माणसाला हे चटकन समजेल. भांडायला आलेल्या माणसाला चहा पाजला की त्याचा आवाज एक पट्टी खाली येतोच. त्यांना पुढे अशोक चक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला आज कीर्ती चक्र म्हणतात.

प्रत्येक वेळी चहावर भागलं नाही, तेही सांगायला हवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगल झाली, आपल्या जवानांनी गोळी चालवली, काही कैदी मेले. दक्षिण कोरियातून धमक्या आल्या. उत्तरेकडचे म्हणायचे तुम्ही अमेरिकेचे, अमेरिकन म्हणायचे तुम्ही कम्युनिस्टांचे. २० जानेवारी १९५४ पासून उरलेले कैदी संयुक्त राष्ट्रांच्या फौजेकडे परत सोपवले; चिन्यांपैकी बहुतेक तैवानला गेले. पलीकडच्या २१ अमेरिकनांनी मायदेशी जायला नकार दिला, त्यावर अमेरिकेत किती गहजब झाला ती वेगळी कथा आहे.

याच युद्धात आपलं एक खरंखुरं फिरतं रुग्णालयही होतं: ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबर १९५० मध्ये पोहोचले. पीछेहाट सुरू झाली तेव्हा प्याँगयाँगमध्ये सामान सोडून निघायचा हुकूम होता. यांनी एक बेवारस आगगाडी शोधली, बादल्यांनी इंजिनात पाणी भरलं, सरपण गोळा केलं आणि सामानासकट निघाले. मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर यांच्यातल्या बारा जणांनी मुनसानला उड्या मारल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. मॅशच्या अडीचशे भागांत या लोकांना जागा मिळाली नाही, याचा मला राग नाही. ती अमेरिकनांनी अमेरिकनांसाठी लिहिलेली गोष्ट. राग याचा आहे की आपणही ती कुठे सांगितली नाही. आपल्याकडे युद्धावरची मालिका निघते ती शेवटच्या भागात झेंडा फडकवण्यासाठी निघते. वादकाने रेकॉर्ड फोडली असा शेवट कुठली वाहिनी घेईल?

उरले ८८ जण. या कैद्यांना उत्तरही नको होतं आणि दक्षिणही. फेब्रुवारी १९५४ मध्ये आपली फौज परत निघाली तेव्हा ते तिच्याबरोबर भारतात आले. पुढे बरेच जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही थोडे इथेच राहिले.

मॅशने जी जागा रिकामी ठेवली ती कोरियातल्याच एका लेखकाने १९६० मध्ये भरली. चॉय इन-हुन यांची 'चौक' ही कादंबरी. तिचा नायक यी म्यंग-जुन तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, दक्षिणेत पोलिसांचा मार खाल्लेला, उत्तरेत जाऊन भ्रमनिरास झालेला, कैदी झालेला आणि चौकशीच्या तंबूत पुन्हा पुन्हा एकच उत्तर देणारा, की मला तटस्थ देशात जायचंय. त्याचं जहाज भारताकडे निघतं. जहाजाचं नाव लेखकाने ठेवलंय 'टागोर'. वाटेत एका रात्री तो जहाजावरून नाहीसा होतो. भारतापर्यंत पोहोचत नाही. दक्षिण कोरियात शाळकरी मुलं आजही ती कादंबरी अभ्यासाला वाचतात.

१९५३ च्या त्या शस्त्रसंधीनंतर शांतता करार अजून झालेला नाही. पण सत्तर वर्षांहून जास्त काळ तिथे पुन्हा तसं युद्धही झालेलं नाही.

आता एक विनंती. थोरातांच्या त्या फौजेत आपल्या भागातलं कुणी असेल, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत हिंदनगरचा एखादा फोटो, पत्र, कोरियाचं पदक असेल, तर कृपया खाली टाका, किंवा मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव, गाव, पलटण, आठवत असेल तेवढं लिहा. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर तेही टिपून पाठवा.